नवमी ते पौर्णिमा

मार्गशीर्ष शुद्ध नवमी

दादाला सप्तमीच्या रात्री पक्षाघाताचा झटका आला आणि अष्टमीच्या दुपारी मी पुण्याहून इंदूरच्या गाडीत बसले. भाच्याने फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: बाबांची उजवी बाजू हलत नाही, त्यांना बोलता येत नाही, ते आयसीयूत आहेत. इंदूर हे माझे माहेर. लग्नानंतरच्या चौतीस वर्षांत या वाटेने मी कितीदा तरी आले, पण रात्रभर डोळा न लागता प्रथमच आले. पहाटे उज्जैनला गाडी थांबली तेव्हा समोरच्या बाकावरच्या आजोबांनी खिडकीतून महाकालाच्या दिशेने हात जोडले आणि अर्धवट झोपेतल्या नातीचेही हात धरून जोडवले. मी मात्र शालीतून हात बाहेर काढले नाहीत. ज्याने हे होऊ दिले त्याच्यापुढे आता कशासाठी हात जोडायचे, हे शब्द माझ्या मनात अगदी स्पष्ट उमटले. ते लपवले तर पुढचे काहीच खरे सांगितल्यासारखे होणार नाही.

रामबागेतल्या घरी पोहोचले तेव्हा दार नुसते लोटलेले होते. देवघरात समई लावलेली होती, चौरंगावर लाल रेशमी वस्त्रात बांधलेली पोथी होती, आणि तिच्यासमोर बसून वहिनी दत्ताला आळवणारी करुणात्रिपदी म्हणत होत्या. आमच्या घरी दत्तजयंतीच्या आधी नवमीपासून सात दिवसांचे पारायण असते आणि ते वडिलांच्या मागे दादाच करीत आला आहे. या वर्षी पोथी उघडलीच गेली नव्हती. वहिनींचा आवाज मधेच थांबे, थोडा वेळ शांतता होई, आणि मग त्या पुढचे कडवे उचलीत. दादा आधी म्हणतो आणि वहिनी मागून म्हणतात, अशी त्यांची तीस वर्षांची रीत आहे. ज्या जागी दादाचा आवाज यायचा त्या जागेपाशी त्या थांबत होत्या, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

मला राग आला होता. नवरा रुग्णालयात पडलेला असताना ही बाई घरी पदे म्हणत बसली आहे, असे वाटले, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे. वहिनी उठल्या, मला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "वन्सं, तिथे अकरापर्यंत आत सोडत नाहीत. बाहेर मुलगा बसलाय. परवा संध्याकाळी ह्यांनी संकल्पाचं ताम्हण चिंचेनं घासून ठेवलं होतं. ते बघा, अजून तसंच लखलखतंय. ते समोर असताना मी मुकी कशी बसू?"

अकरा वाजता दादाला पाहिले. तोंड डावीकडे ओढले गेले होते, नाकातून नळी घातली होती, उजवा हात चादरीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडला होता. मला पाहून त्याने बोलण्याचा प्रयत्न केला आणि घशातून नुसता "अ, अ" असा स्वर निघाला. माझा दादा हा साऱ्या रामबागेत बोलका माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत प्रत्येकाशी त्याचे बोलणे असते. आपल्याला शब्द सापडत नाहीत हे त्याला पुरते कळत होते, आणि ते त्याला कळत होते हेच पाहवत नव्हते.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

झटक्याच्या रात्री काय झाले ते आज भाच्याने नीट सांगितले. तो नोकरीसाठी बेंगळुरूला असतो, पण त्या दिवशी नशिबाने घरी होता. जेवताना दादाच्या हातातून घास पडला, तोंड वाकडे झाले, शब्द जड आले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने असे झाले असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही ना, हे स्कॅन करून पाहावे लागते. घाबरून हे लोक जवळच्या एका रुग्णालयात गेले. तेथे स्कॅनचे यंत्र बंद होते, पण तसे लगेच सांगण्याऐवजी त्यांना पाऊण तास बसवून ठेवले. पुढे गाडी, वाहतूक, दुसऱ्या रुग्णालयातले कागद, असे करीत इंजेक्शन मिळाले ते चौथा तास सरता सरता. तोंड वाकडे होणे, एका हातातले बळ जाणे आणि बोलणे अडखळणे ही तीन लक्षणे दिसताच जेथे स्कॅनची सोय चालू आहे अशाच ठिकाणी थेट जावे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

त्या पाऊण तासाबद्दल भाचा अजून धुमसत होता, आणि मीही. वहिनींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तो पाऊण तास मलाही सलतो रे. पण चौथ्या तासात का होईना, पोहोचलो ना आपण? आधी त्याबद्दल देवाचे पाय धरते, मग त्या लोकांवर रागावते." दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच गंभीरपणे म्हटल्या. राग गिळून टाकून त्या देवाला चांगले म्हणत नव्हत्या, हे मला पटले आणि त्यामुळेच त्यांचे ऐकावेसे वाटू लागले.

आयसीयूबाहेरच्या दालनात दिवसभर बसणे हा एक वेगळाच प्रवास आहे. देवासकडच्या एका खेड्यातून आलेली एक शेतकरी बाई तीन दिवसांपासून तेथे होती. तिच्या नवऱ्यालाही हाच आजार झाला होता. मध्येच ती "हे राम" म्हणे, मध्येच डोळे पुसे, मध्येच आम्हाला आपल्या डब्यातली मक्याची पोळी देई. दुपारी आमच्या नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या. त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला आणि सांगितले की गेल्या वर्षी पारायणात सोवळ्याची काहीतरी चूक झाली असणार, दत्ताचे फार कडक असते, त्याशिवाय नेमक्या सप्ताहाच्या तोंडावर असे होत नाही.

मी आयुष्यात फार कमी वेळा मोठ्या माणसांना उलट बोलले आहे, पण त्या वेळी माझ्या तोंडून निघून गेले की रक्तदाबाच्या गोळ्या दादा चार महिने नीट घेत नव्हता, आणि ही चूक आहे, सोवळे ही नव्हे. दुःखात बुडालेल्या माणसाला त्याच्या पापाचा हिशेब विचारणे ही देवाची बाजू घेणे नव्हे. भक्तीच्या नावाखाली चालणाऱ्या या क्रूरपणाबद्दल आपल्या लोकांत फार कमी बोलले जाते.

वहिनी मात्र त्या बाईंना काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी भेटीची पंधरा मिनिटे संपल्यावर दालनाच्या कोपऱ्यात आम्ही दोघींनी हलक्या आवाजात त्रिपदी म्हटली, आणि मग त्यांनी मला विचारले, "तुम्ही लहानपणापासून म्हणताय, पण अर्थाकडे कधी लक्ष दिलंय?" टेंबे स्वामींची ही पदे माझ्या कानांवर पाळण्यापासून पडली आहेत. इंदुरातल्या दत्तसंप्रदायी मराठी घरांत, विशेषतः नाना महाराज तराणेकरांच्या भक्तपरिवारात, त्रिपदी हा रोजच्या सांजवातीइतका ठरलेला नेम आहे. जे तोंडपाठ असते त्याच्या अर्थाकडे कान जात नाही. त्या पदांत भक्त देवाला म्हणतो की आमच्या अपराधासाठी तू हातात दंड घेतलास, आणि तो योग्यच असला, तरी आम्ही तुझेच गुणगान करीत तुझ्याच पायांवर डोके ठेवू. आणि तूच दंड करू लागलास तर आम्ही धावा तरी दुसऱ्या कोणाचा करायचा? म्हणजे नात्यातल्या बाईंनी सुचवलेले सर्वांत वाईट कारण खरे मानले, तरीही उत्तर एकच उरते, की गाणे थांबवायचे नाही. "त्यांनी जे म्हटलं ते खोटंच आहे," वहिनी म्हणाल्या, "पण खरं असतं तरी मी इथेच बसले असते."

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

सकाळी खजराण्याच्या गणपतीला गेले. अहिल्याबाई होळकरांच्या काळी विहिरीतून वर आलेली मूर्ती येथे बसवली, अशी कथा सांगतात, आणि शहरात घर घेतले, गाडी घेतली, मुलीचे लग्न ठरले, की पहिले पेढे-लाडू येथेच येतात. देवळाच्या मागच्या भिंतीवर नवस बोलणारे लोक उलटे स्वस्तिक काढतात, आणि इच्छा पुरी झाली की परत येऊन सुलटे काढतात. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. शेजारी एक तरुण मुलगा कुंकवाच्या बोटाने अतिशय काळजीपूर्वक उलटे स्वस्तिक रेखत होता, आणि त्याच्या हाताचा कंप पाहून ते परीक्षेसाठी नसावे असे वाटले.

घरून निघताना वहिनींनी नारळ हातात देऊन सांगितले होते, "आज काही मागू नका. मागायला मी रोज मागतेच आहे. आज नुसता नमस्कार करून या, आणि आपल्याजवळ जे शिल्लक आहे तेवढं त्याला मोजून सांगा." हे सांगणे सोपे आणि करणे फार कठीण. मी डोळे मिटले की मागणेच आधी ओठांवर येई. अखेर मुलीला बाराखडी शिकवावी तसे स्वतःला एकेक शब्द शिकवीत म्हटले: श्वास त्याचा त्याला घेता येतो. डावा हात धरतो. मला ओळखतो. मुलगा त्या रात्री घरी होता. एवढे सांगून झाले तेव्हा लक्षात आले की उज्जैनला शालीत राहिलेले हात मी केव्हाच जोडले होते.

नवस बोलणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मीच या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढले होते, आणि आई गेल्यावर पुष्कळ वर्षे या देवळात पाऊल टाकले नव्हते. पण देवाशी केलेल्या सौद्यात देवाने माल दिला नाही, तर नातेच तुटते, हे मी भोगलेले आहे. आज बिनसौद्याचे उभे राहून पाहिले.

परत येताना एकादशीची साबुदाण्याची खिचडी घेतली. येथे तिच्यावर शेव आणि जिरावण घालतात. दादाची ती जीव की प्राण. ती घेऊन त्याच रुग्णालयात जाताना, जेथे त्याला नळीने दूध दिले जात होते, पाय जड झाले.

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

दादाला आयसीयूतून साध्या खोलीत हलवले. गिळण्याची तपासणी झाली, आणि घट्टसर पदार्थ चमच्याने देऊन पाहायला परवानगी मिळाली. संध्याकाळी औषधे आणण्यासाठी राजवाड्याकडे जावे लागले. 1984 च्या आगीनंतर जळालेल्या तुळया पाहायला दादा मला येथे घेऊन आला होता आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता, ते आठवले. चौकात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. औषधाची पिशवी हातात घेऊन त्याच्यापुढून चालत असताना वहिनींचा निरोप आला: दत्तजयंतीला अभिषेकासाठी नर्मदेचे पाणी हवे, घरातले संपले आहे, दर वर्षी हेच आणतात, उद्या तुम्ही दोघे महेश्वरला जाऊन याल का?

मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी

पहाटे पाचला भाच्याच्या गाडीतून निघालो. मानपूरच्या मोठ्या रस्त्याने न जाता महूवरून जाम घाटाने उतरायचे, असे त्याने ठरवले, कारण दादा नेहमी याच वाटेने जातो. उजाडता उजाडता जाम दरवाजापाशी पोहोचलो. विंध्याच्या कड्यावर हा दगडी दरवाजा एकटाच उभा आहे, आणि त्याच्या पलीकडे जमीन एकदम खाली कोसळते. खाली धुक्यात निमाडचे सपाट खोरे आणि त्यात कोठेतरी नर्मदा. हा दरवाजा अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधवला. ते साल वाचून मी तेथेच पायरीवर बसले, कारण त्या सालाचा दुसरा अर्थ मला ठाऊक होता.

अहिल्याबाईंबद्दल आपण शाळेपासून ऐकतो ते घाट, देवळे, अन्नछत्रे आणि न्याय यांविषयी. त्यांच्या आयुष्याचा दुसरा हिशेब क्वचितच एका ओळीत मांडला जातो. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सासरे मल्हाररावांनी गळ घातली म्हणून त्या सती गेल्या नाहीत. 1766 मध्ये मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. राज्य हाती आले ते अशा घरात, जेथे पुरुष म्हणून कोणी उरला नव्हता. मग मुलगी मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे आणि नातू हेच सर्वस्व झाले. तो नातू तरुणपणी गेला, 1791 मध्ये जावई गेले, आणि मुक्ताबाई आईचे न ऐकता सती गेली. ज्या सालाचा हा दरवाजा आहे त्याच सालची ही गोष्ट आहे. त्यानंतर त्या आणखी चार वर्षे जगल्या, 13 ऑगस्ट 1795 पर्यंत, आणि त्या चार वर्षांतही राज्य चालले, नदीवरची पूजा चालली, दाने चालली. 1780 मध्ये काशीविश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभे करणारी ही बाई स्वतःच्या घरातले एकही माणूस राखू शकली नाही. तरी त्यांच्या हुकुमांवर सही म्हणून "श्री शंकर" एवढेच असे. हे राज्य माझे नव्हे, त्याचे आहे, असे त्या मानत. राज्य त्याचे आहे असे म्हणणे एक वेळ सोपे आहे. एकामागून एक चिता पाहिल्यावरही तीच सही तशीच करीत राहणे, याचा अर्थ मला त्या दरवाजाखाली थोडासा कळल्यासारखा वाटला.

भाचा म्हणाला, "आत्या, मला हे पटत नाही. इतकं सगळं गेल्यावर शंकराला काय म्हणून भजायचं?" तो अभियंता आहे, शांत स्वभावाचा आहे, आणि गेल्या सहा रात्री खुर्चीत झोपला आहे. मी त्याला उपदेश केला नाही. लहानपणी दादा मला देवळात कीर्तनाला घेऊन जात असे, तेथे ऐकलेली कुंतीची गोष्ट फक्त सांगितली: युद्ध संपले, राज्य मिळाले, कृष्ण द्वारकेला निघाला, तेव्हा कुंतीने त्याच्याकडे संकटेच मागितली, कारण संकटात तो जवळ असे. तेव्हा बुवांनी एक गोष्ट फोड करून सांगितली होती की कुंतीने ते संकटे ओसरल्यावर म्हटले आहे. लाक्षागृहातून पळताना नव्हे. पळताना माणसाने पळावे, धावा करावा, रडावे. भाचा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग आपण अजून पळतोच आहोत." मी म्हटले, "हो. पळता पळता आई म्हणते तेवढी त्रिपदी तू ऐक, म्हटली नाहीस तरी चालेल."

घाट उतरून मंडलेश्वरावरून महेश्वरला पोहोचलो तेव्हा किल्ल्यावर लिंगार्चन चालू होते. काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी शेकडो शिवलिंगे पाटावर रांगेने मांडायची, त्यांवर अक्षता आणि बेल वाहायचा, मंत्र म्हणायचे, आणि पूजा झाली की सगळे उचलून नर्मदेत सोडून द्यायचे. अहिल्याबाईंच्या वेळेपासून चालत आलेला हा नेम आजही चालतो, आता गुरुजी थोडे आहेत इतकेच. मी शेजारी बसून पाहिले. सकाळभर राबून घडवायचे, सजवायचे, आणि तासाभरात पाण्याला परत करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती मळायची. ज्या बाईने हे रोज केले, तिच्या हातून घडलेली माणसेही अशीच एकामागून एक पाण्याला गेली होती. मग ती रोज सकाळी मातीपुढे बसून नेमके काय म्हणत असेल? तक्रार म्हणत नसेल असे मला वाटत नाही. पण तक्रारही पूजेच्या आसनावर बसूनच करीत असेल.

राजवाड्यातली त्यांची गादी पाहिली. राणीची वाटू नये इतकी ती साधी आहे. मग घाटाच्या पायऱ्या उतरलो. डिसेंबरातली नर्मदा संथ आणि हिरवट निळी होती. परिक्रमेला निघालेले दोन वृद्ध पायऱ्यांवर झोळ्या ठेवून अंग पुसत होते. आम्हाला पाहून "नर्मदे हर" म्हणाले, आम्हीही म्हटले. त्यांच्यातल्या एकाने भाच्याच्या हातातला तांब्याचा लोटा पाहून विचारले, कोणासाठी नेता? भाच्याने सांगितले. त्या वृद्धाने नाव विचारले, गोत्र विचारले, आणि पाण्याकडे तोंड करून मिनिटभर काहीतरी पुटपुटला. मग झोळी उचलून चालू लागला. अनोळखी माणसाने आपल्या बापाचे नाव नदीला सांगितले, याने भाच्याचा इतका वेळ धरलेला बांध फुटला. तो पायरीवर बसून रडला आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. लोटा नंतर त्यानेच भरला, गुडघाभर पाण्यात जाऊन.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी

आज वाणीवर उपचार करणाऱ्या बाई आल्या. तिशीच्या आतल्या असतील, इंदूरच्याच, हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या. त्यांनी दादाला पेला दाखवला, चावी दाखवली, माझ्याकडे बोट दाखवून "ही कोण?" विचारले. दादाचे डोळे भरून आले, ओठ हलले, शब्द आला नाही. याला वाचाघात म्हणतात, त्यांनी समजावले. काय म्हणायचे ते आत असते, पण शब्द जुळवणारा भाग बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतो आणि दुखापत तेथेच झाली आहे. मग त्यांनी विचारले, "यांना काही पाठ आहे का? गाणं, आरती, पाढे?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. कॉटच्या डाव्या बाजूला बसून त्यांनी दादाचा डावा हात हातात घेतला आणि त्रिपदी सुरू केली, नेहमीच्याच चालीवर, नेहमीपेक्षा सावकाश. पहिल्या ओळीला काहीच झाले नाही. दुसऱ्या वेळी ध्रुवपद आले तेव्हा घोगऱ्या, ओढलेल्या, पण ओळखू येईल अशा आवाजात दादा बरोबर म्हणू लागला. सगळे शब्द नव्हते. काही नुसते सूर होते, काही अर्धे होते. पण "दत्ता" हा शब्द पुरा आला, अगदी जोडाक्षरासकट. पाणी मागता येत नव्हते त्या माणसाला हे म्हणता येत होते. वहिनी थांबल्या नाहीत. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि चाल मात्र जराही चुकली नाही. ज्या जागी त्या आठवडाभर थांबत होत्या, त्या जागी आज आवाज होता.

त्या बाईंनी नंतर सांगितले की हे त्यांना अनेकदा दिसते. चाल, लय आणि वर्षानुवर्षे पाठ झालेले शब्द यांना मेंदूची उजवी बाजूही सांभाळते, म्हणून बोलणे गेलेला माणूस कधीकधी गाऊ शकतो. आणि याचाच आधार घेऊन, डाव्या हाताने ताल धरून, "पाणी द्या" यासारखी रोजची वाक्ये चालीवर बसवून शिकवता येतात. सगळे परत येईलच असे नाही, महिने लागतील, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. भाच्याने मला बाजूला घेऊन विचारले, "आत्या, म्हणजे हा चमत्कार नाही ना?" मला त्याच्या प्रश्नात निराशा ऐकू आली, म्हणून मी विचार करून उत्तर दिले. चाळीस वर्षे रोज संध्याकाळी, अंगात ताप असताना, नोकरी गेली होती त्या वर्षी, आई गेली त्या रात्रीसुद्धा, दादाने हे म्हटले आहे. ते मेंदूत ज्या जागी जाऊन बसले तेथे ही गुठळी पोहोचली नाही. कारण कळले म्हणून मला देवाचे आभार मानायला अडचण वाटत नाही. उलट नेमके कशासाठी मानायचे ते कळले.

मार्गशीर्ष पौर्णिमा

दत्तजन्म सूर्यास्ताला असतो. घरच्या पादुकांवर सकाळी भाच्याने नर्मदेच्या पाण्याने अभिषेक केला, आणि दादाने घासून ठेवलेले ताम्हण तेव्हा पहिल्यांदा वापरले गेले. पोथी तशीच बांधलेली राहिली. पुढच्या वर्षी उघडली जाईल की नाही, आणि कोण उघडील, याविषयी कोणी काही बोलले नाही.

संध्याकाळी रुग्णालयाच्या खोलीत आम्ही पाळणा केला नाही, घंटा वाजवली नाही. उशाशी तसबीर ठेवली आणि सुंठवडा आणला. देवासकडची ती बाई आली. तिच्या नवऱ्याचे अजून काही खरे नव्हते. वहिनींनी सुंठवडा तिच्या हातावर ठेवला, आणि मग भिंतीशी उभी राहून, मराठी कळत नसूनही, ती आमची त्रिपदी शेवटपर्यंत ऐकत राहिली. जाताना म्हणाली, "माताजी, कल भी गाना." वहिनी म्हणाल्या, रोजच म्हणणार.

उद्या दुपारची माझी गाडी आहे. निरोप घ्यायला दादाच्या जवळ बसले तेव्हा त्याने माझा हात घट्ट धरला. माझे नाव घेण्याचा त्याने किती प्रयत्न केला ते मी पाहिले. कपाळावर घाम आला, ओठ आवळले गेले, आणि शेवटी जो शब्द निघाला तो "दिगंबरा" असा होता. तो आपल्याला म्हणायचा नव्हता हे त्याला लगेच कळले, त्याने मान फिरवली आणि रडू लागला. वहिनींनी पदराने त्याचे तोंड पुसले, त्याचा डावा हात आपल्या तळहातावर ठेवून ताल धरला, आणि म्हणाल्या, "बरं, तेच. म्हणा पुढचं. वन्संचं नाव उद्या घेऊ."